टकटकरावांचं काहोन

फरशी बसवणाऱ्या सगळ्यांनाच एक सवय लागते, पण टकटकरावांना ती जरा जास्तच लागली होती. नवी फरशी वाळली, की प्रत्येक लादीवर बोटाच्या पेराने ठोकून बघायचं असतं. खालचा सिमेंटचा माल सगळीकडे नीट बसला असेल तर आवाज भरीव येतो. कुठे हवा राहिली असेल तर पोकळ येतो, आणि अशी लादी आज ना उद्या तडकते. हे झालं कामावरचं. टकटकराव मात्र डॉक्टरकडे गेले तरी आधी दवाखान्याची फरशी ठोकायचे आणि मग मनगट पुढे करायचे. कुणाचं नवीन घर बघायला गेले, की घरधनी कौतुकाने पडदे दाखवतोय, दिवे दाखवतोय, आणि हे आपले कोपऱ्यात उकिडवे बसून कान लावतायत. मग गुडघे झटकत उठायचे आणि कुणाच्या तरी निधनाची बातमी द्यावी अशा आवाजात म्हणायचे, "इथे पोकळ आहे." घरधन्याच्या हातातला चहा तिथेच गार व्हायचा. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

दुसरं वेड सांध्यांचं. दोन लाद्यांमधली फट दिसली की ती भरल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. घरातल्या कपाटामागची फट त्यांनी भरली, खिडकीखालची भरली, शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीतली तर न विचारता भरली. गप्पांमध्ये कुणी दम घ्यायला थांबलं, की त्या जागेतही टकटकराव आपलं काहीतरी भरायचेच. त्यांची बायको म्हणायची, "यांच्यासमोर बोलताना स्वल्पविराम घेऊ नये, तिथे हे राहायला येतात."

बायको घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची. कुणाच्या पँटची लांबी कमी कर, कुणाच्या कोटाची चेन बदल, असं दिवसभर चाललेलं, आणि मशीन चालवता चालवता ती गायची. साधं गुणगुणणं नव्हे. रस्त्यावरून जाणारी माणसं चाल मंद करायची, इतका तिचा आवाज चांगला होता. गेल्या हिवाळ्यात तिला छातीचं दुखणं झालं आणि गाणं बंद पडलं. ती पुष्कळ दिवस अंथरुणावर होती. त्या दिवसांत टकटकरावांना तिच्यासाठी करण्यासारखं काही सापडलंच नाही. औषधं परिचारिका द्यायची, उशी मेव्हणा सरळ करायचा, आणि हे पलंगाशेजारी आपले जाड हात मांडीवर ठेवून बसायचे. तेवढा निरुपयोगी माणूस आपण जन्मात पाहिला नाही, असं त्यांना स्वतःबद्दल वाटायचं.

मग ती बरी झाली. आवाज परत आला. दम मात्र पूर्वीसारखा पुरेना. लांब ओळीच्या मध्येच कुठेतरी तिला थांबावं लागे, आणि कुठे थांबावं लागेल ते तिलाही आधी सांगता येत नसे.

तिचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि गिटार वाजवायचा. दोन्ही कामं तो सारख्याच काळजीने करी. एका संध्याकाळी तो आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आपण गातोय. मी होकार देऊन आलोय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

ती नाही म्हणाली नाही. तिने सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो बराच वेळ ओवला गेला नाही. तिला भीती वाटत होती आणि गायचंही होतं, हे टकटकरावांना शेजारच्या खोलीतूनही कळलं.

"ठेक्याचं घोडं अडलंय," मेव्हणा म्हणाला. "ड्रम नको म्हणतात. सभागृहाच्या वर दातांचा दवाखाना आहे. ठोक्याबरोबर डॉक्टरीणबाईंचा हात हलला, तर कुणाचा तरी चांगला दात जायचा."

"मग?"

"काहोन चालेल. लाकडी खोकं असतं. त्याच्यावरच बसायचं आणि पुढच्या फळीवर हातांनी वाजवायचं. वाजवणारा मिळाला तर बरं, नाहीतर माझ्याकडे मशीन आहेच." त्याने खिशातून साबणाच्या वडीएवढं एक काळं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. बटण दाबलं की ते ठेका धरायचं आणि पुन्हा दाबेपर्यंत सोडायचं नाही.

टकटकराव दारात येऊन उभे राहिले. "मी वाजवतो," ते म्हणाले.

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं.

"भावजी, ठोकणं वेगळं आणि वाजवणं वेगळं."

"ते चष्मेवाल्याने मला शिकवू नये."

"बरं," बायको म्हणाली. "तालमीत जमलं तर हे, नाही जमलं तर मशीन. आणि ते मी ठरवणार. नंतर तोंड फुगवून बसायचं नाही."

टकटकराव लगेच कबूल झाले. तोंड फुगवायची वेळ येईल असं त्यांना वाटतच नव्हतं. आता तिच्या शेजारी बसून या हातांना काहीतरी करता येणार होतं, त्यांना एवढंच दिसत होतं.

काहोन विकत कशाला आणायचं? प्लायवूडचे तुकडे घरात पडलेले होते. टकटकरावांनी एका सुट्टीत खोकं तयार केलं, आणि ते इतकं चोख केलं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पुढची फळी चारही बाजूंनी चिकटवली, वर बोटाबोटाच्या अंतराने स्क्रू मारले. आतून आडवे टेकू दिले. फळीच्या मागे तारा असतात असं चित्रात दिसत होतं. त्या लावून पाहिल्या तर खरखर वाजू लागल्या, म्हणून त्या चिकटपट्टीने पक्क्या बसवून टाकल्या. मागच्या बाजूला एक गोल भोक असतं, तेही त्यांनी चित्रात पाहिलं होतं. पण ती सुताराची चूक असावी असं समजून त्यांनी ते केलंच नाही. शेवटी सगळे सांधे भरले, घासले, आणि पेराने ठोकून पाहिलं. कुठेही पोकळ नाही. टकटकरावांचा जीव भांड्यात पडला.

मेव्हणा त्याच्यावर बसला आणि पुढे हात मारला. धप्प.

त्याने वरच्या कडेला मारून पाहिलं. धप्प.

"भावजी," तो हळूच म्हणाला, "हा ओटा झालाय."

"म्हणजे मजबूत आहे ना?"

"मजबूत आहे हो. वाजत नाही एवढंच."

ते खोकं बायकोने पुढच्या खोलीत नेलं. पँटची लांबी मोजताना गिऱ्हाइकाला उभं करायला तिला तसलं काहीतरी हवंच होतं. ओटा कसला हलतोय! गिऱ्हाइकं खूष झाली. टकटकराव वाद्यांच्या दुकानात गेले. तिथे ओळीने ठेवलेल्या प्रत्येक काहोनवर पेराने टकटक करून ते सवयीने म्हणाले, "हे पोकळ... हेही पोकळ... अरे अरे, हे तर सगळंच पोकळ." दुकानातली बाई आधी हसली, मग चिडली, आणि शेवटी तिने त्यांना समजावलं की या दुकानात तेच विकलं जातं. त्यांनी त्यातलं सगळ्यात पोकळ होतं ते घेतलं, आणि खराब माल मुद्दाम उचलून आणलेल्या माणसाचा चेहरा करून घरी आले.

खरं सांगायचं तर, ते बरं वाजवू लागले. रबरी हातोडीने लाद्या बसवण्यात जन्म गेलेला माणूस, त्याच्या हाताला लय होतीच. फळीच्या मध्यावर तळहात पडला की खोल 'धुम्' यायचा, वरच्या कडेला बोटं पडली की कोरडा 'टाक्'. ठेका ते सोडत नसत. घाई नाही, रेंगाळणं नाही. मेव्हण्यालाही मान हलवावी लागली.

पण धुम् आणि टाक् यांच्या मध्ये जी जागा राहायची, ती टकटकरावांना बघवेना. धुम्, मग काही नाही, मग टाक्. हे 'काही नाही' त्यांच्या कानाला उघड्या सांध्यासारखं टोचू लागलं. मग त्यांनी ते भरायला घेतलं. लाद्यांच्या मध्ये समान अंतर राहावं म्हणून प्लास्टिकच्या बारीक फुल्या घालतात. त्या मूठभर फुल्या एका पत्र्याच्या डबीत भरून त्यांनी खुळखुळा केला. पायाने वाजवायची झांजांची पट्टी आणली आणि डाव्या बुटावर चढवली. मग उजवा पाय रिकामा दिसू लागला, म्हणून त्याच्यासमोर माल कालवायची बादली पालथी घातली. एका दांडीला लहान-मोठ्या थाप्या टांगल्या, ज्यांनी ते रोज सिमेंट पसरायचे. त्या हलक्याशा हाताने किणकिणायच्या. पितळी ओळंबा दोरीने लटकवला. भिंत उभ्या रेषेत आहे की नाही ते बघायचं ते वजन, पण त्याच्यावर खिळा मारला की नाद बराच वेळ घुमत राही. शेवटी एक स्टँड आणि त्यावर झांजेसारखी वाजवायची थाळी आली. ती थाळी तिरकी असावी की आडवी, यावर कुणी काही बोलायच्या आत त्यांनी तिच्यावर लेव्हलची पट्टी ठेवून बुडबुडा मध्यावर आणला होता.

या सगळ्याच्या मधोमध टकटकराव बसत. आत शिरायला एका बाजूने वाकून जावं लागे, आणि बाहेर यायला बायकोने स्टँड सरकवावं लागे. एकदा ती दोरा आणायला बाहेर गेली असताना दाराची घंटी वाजली, आणि हे आतूनच ओरडत राहिले, "कोण आहे? मला येता येत नाही!" बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटलं आत कुणीतरी कोंडलंय. त्याने शेजाऱ्यांना गोळा केलं.

तालमीच्या दिवशी बायकोने हा पसारा पाहून कपाळाला हात लावला. मेव्हण्याने सुरुवात केली, टकटकरावांनी ठेका धरला, ती गाऊ लागली. पहिल्या ओळीच्या शेवटी ती थांबली, तिथे खुळखुळा आला. दुसऱ्या ओळीच्या मध्ये क्षणभर थांबली, तिथे थाप्या किणकिणल्या. कडवं संपल्यावर गिटारच्या दोन तारा तेवढ्या वाजायच्या होत्या. तिथे बादली, झांजा आणि ओळंबा असे सगळे मिळून आले. टकटकरावांचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. एकही फट त्यांनी राहू दिली नव्हती.

तिने हात वर करून सगळं थांबवलं. एका हाताने टेबलाची कड धरली.

"अहो," ती म्हणाली, "मी श्वास कधी घेऊ?"

ती रागावून म्हणाली असती तर टकटकरावांकडे उत्तर तयार होतं. ती खरोखर विचारत होती.

मेव्हण्याने खिशातून मशीन काढलं. त्याच्या ठेक्यावर ती पुन्हा तेच गाणं गायली. टकटकराव वाकून बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मशीन वाईट नव्हतं. ते मध्ये मध्ये काही भरत नव्हतं. पण शेवटच्या कडव्यात तिला एके ठिकाणी दम लागला, आणि मशीन तिला मागे टाकून सरळ पुढे निघून गेलं. ती धावल्यासारखी शब्द गोळा करत त्याच्या मागे गेली. संपलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सरावाने होईल, ताई."

"होईल," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मशीनच ठेवू या."

"बरं," टकटकराव म्हणाले. तोंड फुगवायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे त्यांनी ते फुगवलं नाही. त्यांनी थाप्या सोडवल्या, ओळंबा कापडात गुंडाळला, बादली कामावर परत नेली. पण त्यांना फार लागलं होतं. आजारपणात पलंगाशेजारी बसून होते तेव्हासारखेच हे हात पुन्हा मांडीवर आले, आणि या वेळी तर ते आपल्याच कर्तबगारीने आले होते.

पुढच्या आठवड्यात त्यांना एका गच्चीचं काम होतं. गच्चीचे मालक हौशी होते आणि दिवसभर डोक्यावर उभे असायचे. फरशी होत आली तेव्हा मालकांनी बोट दाखवलं. "ही फट इथून तिथपर्यंत तशीच राहिलीय. भरा ना."

"ती भरायची नसते."

"का? बाकीच्या भरल्यात."

"भिंतीच्या कडेने आणि मध्ये एक, अशी जागा सोडावीच लागते," टकटकराव म्हणाले. हे भाषण त्यांना पाठ होतं. गच्चीवाल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते द्यावं लागे. "उन्हाने फरशी फुगते, साहेब. तिला फुगायला जागा नको? तुम्ही सगळं गच्च भरून टाकलंत, तर ती बिचारी जाणार कुठे? मग ती मधूनच उचकटते. चांगली, मजबूत लादी असते, पण फुटते. दोष लादीचा नसतो. जागा न देणाऱ्याचा..."

इथे टकटकराव थांबले. मालक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलंच नाही. टकटकराव हातातली थापी तशीच धरून त्या फटीकडे इतका वेळ बघत बसले, की मालकांना वाटलं यांना ऊन लागलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

काम आटोपून ते घाईघाईने घरी आले. बायको एका गिऱ्हाइकाला त्या पहिल्या खोक्यावर उभं करून पँटला टाचण्या लावत होती.

"मला कळलं," टकटकराव दारातूनच म्हणाले. "तुला जागा सोडायला हवी."

तोंडात टाचण्या असल्याने तिला लगेच बोलता आलं नाही. त्या काढून ती म्हणाली, "हे मी केव्हापासून सांगतेय!"

"तू सांगितलंस गं. पण फरशीतलं नव्हतं सांगितलंस."

खोक्यावरचं गिऱ्हाईक हसलं. तिला हसू आलं तरी ती हसली नाही, कारण कार्यक्रम जवळ आला होता. "नुसतं कळून उपयोग काय? तुमचे हात ऐकतात का तुमचं?"

हा प्रश्न रास्त होता. त्या संध्याकाळी ते नुसतं काहोन घेऊन बसले आणि ती गायली. तीनदा त्यांचे हात मध्येच शिरले, दोनदा त्यांनी ते मागे घेतले. पहिल्यापेक्षा बरं, पण तिच्यासारख्या घाबरलेल्या माणसाने भरवसा ठेवावा इतकं बरं नाही. शेवटी तिने तोडगा काढला. सुरुवात यांनी करायची. मशीन भावाच्या पायाशी राहील. हे गडबडले की त्याने पायाने बटण दाबायचं आणि यांनी मुकाट्याने हात आवरायचे. बाकीच्या लवाजम्यातून फक्त खुळखुळ्याच्या डबीला परवानगी मिळाली. ओळंब्यासाठी टकटकरावांनी खूप मनधरणी केली, तेव्हा पहिलं गाणं संपताना एकदा, फक्त एकदा, असं ठरलं.

वाचनालयाचं सभागृह लहान होतं आणि भरलेलं होतं. टकटकरावांनी मंचावर चढताना तिथल्या लाकडी फळ्या टाचेने ठोकून पाहिल्या नाहीत, यावरून ते किती घाबरले होते ते समजावं. पहिलं गाणं नीट गेलं. ओळंबा एकदाच वाजला. वरच्या दवाखान्यातूनही काही ओरडणं ऐकू आलं नाही.

मग ते लांब गाणं आलं. दोन कडवी तिने सुरेख म्हटली. तिसऱ्यात, जिथे तालमीत ती कधीच थांबली नव्हती अशा जागी, तिचा स्वर अचानक बारीक झाला. टकटकरावांनी मान वळवून पाहिलं. तिचे खांदे वर गेले होते आणि खाली येत नव्हते. तोंड उघडं होतं. पुढचा शब्द आला नाही.

मेव्हण्याचा पाय बटणावर गेला. टकटकरावांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, नाही. तो पाय तिथेच थांबला.

आता खरं तर धुम् यायला हवा होता. त्यांचा उजवा हात त्यासाठी उचललेलाही होता. टकटकरावांनी तो तसाच वर धरला. काही वाजलं नाही. मेव्हण्याच्या तारा विरल्या. सभागृहात खुर्चीसुद्धा करकरली नाही. गच्चीवरची सोडली तर जन्मभर एक फट उघडी न ठेवलेला माणूस तिथे बसला होता, आणि त्या शांततेने त्याची कानशिलं तापली होती, बोटं शिवशिवत होती, पण हात खाली आला नाही. कारण तिचे खांदे अजून वरच होते. त्यांनी वाट पाहिली. तिला हवा तेवढा वेळ ते नुसते बसून राहिले, आणि या वेळी आपण निरुपयोगी आहोत असं त्यांना वाटलं नाही.

मग खांदे खाली आले. तिने पोटभर श्वास घेतला, तो पहिल्या रांगेलाही ऐकू गेला. ती त्यांच्याकडे वळली. तिने शब्द उच्चारला आणि त्याच क्षणी टकटकरावांचा तळहात फळीवर पडला.

गाणं संपल्यावर टाळ्या वाजल्या. ती मुद्दाम घेतलेली जागा असावी असं लोकांना वाटलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका जाणकारांनी शेजाऱ्याला तिचं महत्त्वही समजावून सांगितलं. ती भावाकडे वाकली. समोरचा माइक चालू आहे हे तिच्या लक्षात नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं सभागृहाने ऐकलं.

"ते मशीन खाली ठेवून ये. मला कुठे थांबायचंय ते यांना कळतं."

सभागृह हसलं. मेव्हणा निमूटपणे मशीन उचलून खाली ठेवून आला आणि पुढच्या गाण्याचे सूर छेडू लागला. सुरुवात टकटकरावांच्या ठोक्याने व्हायची होती. पण त्यांचे डोळे भरून आले होते, समोरची फळीच त्यांना दिसेना. त्यांनी एकदा बाहीने डोळे पुसले, मग दुसऱ्या बाहीने पुसले. ठोका केव्हाच हुकला होता. मेव्हणा पुन्हा पहिल्यापासून सूर धरू लागला.

तिने बोट वर करून त्याला थांबवलं. माइकपासून एक पाऊल मागे आली, नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली, आणि त्यांचं होईपर्यंत थांबली.